लंडनच्या जुन्या युद्ध कचेरीत मुक्काम करताना

ज्या इमारतीतून ब्रिटिश लष्कराचा कारभार चालत असे, ती व्हाइटहॉल या रस्त्यावरची १९०६ साली पूर्ण झालेली ‘ओल्ड वॉर ऑफिस’ ही वास्तू, मुंबईशी जुने नाते असलेल्या हिंदुजा उद्योगसमूहाने तिचा जीर्णोद्धार केल्यानंतर, सप्टेंबर २०२३ मध्ये ‘रॅफल्स’ हॉटेल म्हणून खुली झाली. खोली आरक्षित करण्यापूर्वी खिडकी रस्त्याकडे उघडते की आतल्या चौकाकडे, हे हॉटेलला आवर्जून विचारावे. संरक्षित वास्तूत भिंती मनाप्रमाणे हलवता येत नसल्यामुळे अशा ठिकाणी एकाच दराच्या खोल्यांचे आकार आणि उजेड पुष्कळदा वेगळे असतात, आणि एवढा खर्च करणाऱ्याने सगळ्या खोल्या सारख्याच असतील असे गृहीत धरू नये.

हीथ्रोहून एलिझाबेथ लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोडपर्यंत येऊन नॉर्दर्न लाइनने एम्बँकमेंटला उतरल्यास पुढे थोडेच चालावे लागते. नोव्हेंबरातील दुसऱ्या रविवारी व्हाइटहॉलवरच्या युद्धस्मारकापाशी आदरांजली वाहिली जाते आणि हा रस्ता वाहनांसाठी बंद असतो, त्यामुळे त्या दिवशी टॅक्सीवर विसंबू नये.

इमारत खऱ्या अर्थाने पाहायची असेल, तर सकाळी लवकर, वर्दळ सुरू होण्यापूर्वी, संगमरवरी भव्य जिन्यापाशी यावे. चर्चिल यांनी १९१९ ते १९२१ या काळात युद्धमंत्री म्हणून याच वास्तूतून काम केले, हे ठाऊक असले की लांबलचक मार्गिकांतून चालणे निराळेच वाटते. माझ्या मते खोलीतील चैनीपेक्षा हा अर्धा तास अधिक मोलाचा आहे. त्यानंतर समोरच्या हॉर्स गार्ड्सपाशी घोडदळाचा पहारा बदलताना पाहावा. तो एरवी अकरा वाजता आणि रविवारी दहा वाजता बदलतो.