निसर्गदृश्य की नुसती पार्श्वभूमी? प्रबोधनकालीन रेखाटन कसे पाहावे

पंधराव्या शतकातील युरोपीय चित्रांत डोंगर, नद्या आणि झाडे भरपूर आहेत. मात्र ती बहुधा संतांच्या किंवा मेरीमातेच्या पाठीमागे असतात. त्यामुळे त्या काळातील एखाद्या रेखाटनाला स्वतंत्र निसर्गदृश्य म्हणण्यापूर्वी त्यातील माणसे मनातल्या मनात झाकावीत आणि उरलेला कागद अपुरा वाटतो का, ते पाहावे.

सरावासाठी फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयातील, लिओनार्दो दा विंचीचे आर्नो नदीच्या खोऱ्याचे पेन-शाईचे रेखाटन घ्यावे. वरच्या डाव्या कोपऱ्यात उलट्या, आरशात धरून वाचाव्या लागणाऱ्या अक्षरांत ५ ऑगस्ट १४७३ ही तारीख आहे. कोणत्याही कथेचा आधार न घेता एका दिवसाची नोंद व्हावी, हा मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. नंतर रेषांकडे वळावे: उजवीकडच्या झाडांत पाने मोजलेली नाहीत, झरझर ओढलेल्या समांतर रेषांनीच झाडांचा आकार आणि सावली उभी राहते, डावीकडे टेकडीवर किल्ला आहे, खडकांवरून पाणी कोसळते आणि पलीकडचे मैदान विरळ होत दूर सरकते. नजर कुठेही एखाद्या संतापाशी येऊन थांबत नाही. ही जागा नेमकी कोणती, की तो काही अंशी कल्पनेचा खेळ आहे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आपल्या प्रश्नाला त्याने फारसा फरक पडत नाही.

पुढचा प्रश्न वापराचा. जर्मन चित्रकार ड्यूररने न्यूरेंबर्गजवळच्या तळ्यातील घराचे जलरंगात चित्र केले आणि तेच घर पुढे माकडासह दाखवलेल्या मेरीमातेच्या ताम्रपटमुद्रणात मागे बसवले. म्हणून मूळ चित्राला केवळ कच्चा अभ्यास ठरवण्याची घाई करू नये; एकच कागद आधी स्वतःसाठी आणि नंतर कामासाठी असू शकतो.

रेखाटन विकण्यासाठी किंवा जपण्यासाठी होते का, हेही तपासावे. चित्रकार वोल्फ हूबरने १५१० मध्ये ऑस्ट्रियातील मोंडझे सरोवराच्या परिसराचे रेखाटन केले आणि त्यावर साल घातले. जर्मनीतील रेगेन्सबुर्गचा चित्रकार आल्टडॉर्फर याने १५२०च्या सुमारास निसर्गदृश्यांची नऊ एचिंग्ज (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेली चित्रे) केली. त्यांत कथा सांगणारी पात्रे नाहीत. एचिंगच्या अनेक प्रती निघत असल्याने, नुसत्या झाडाडोंगरांना गिऱ्हाईक मिळेल, असा अंदाज त्यामागे असणारच.

तुलनेला त्याच काळातील फ्लेमिश चित्रकार पाटिनिरची तैलचित्रे जवळ ठेवावीत. तिथे खडकांचा अफाट पसारा असूनही संत जेरोमसारखे एखादे पात्र बहुधा हजर असतेच, फक्त कधी कधी त्याला शोधावे लागते.