नॉर्वेजियन जोडशब्द: आधी सांधा शोधा, मग जोर द्या

नॉर्वेत नव्याने आलेल्याला लगेच भेटणारा शब्द म्हणजे 'ऑपहोल्सतिलातेल्से', म्हणजे वास्तव्याचा परवाना. एका दमात वाचायला गेलात की अडखळलात. त्याचे तुकडे असे: ऑप + होल (लिहिताना शेवटी 'डी', पण मुका) + जोडाचा 'स' + तिलातेल्से. मुख्य जोर एकदाच, 'ऑप'वर. 'तिल'वर दुय्यम जोर, आणि 'ला' लांबच राहतो. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो, त्यामुळे समोरच्याला एक शब्द न ऐकू येता दोन-तीन सुटे ऐकू येतात.

सांधा चुकला की स्वरही बिघडतो. 'बीलदेलर' म्हणजे गाडीचे सुटे भाग: बील + देलर, दोन्हींत स्वर लांब. घाईत 'बिल्दे-लर' वाचलंत तर 'चित्र' या अर्थाचा 'बिल्दे' डोकावतो, आणि पुढच्या 'लर'ची संगती लागत नाही.

सांध्यावरचा 'स' मोठी खूण आहे. वीन (वाइन) + ग्लास यात 'स' नाही. पण वाइन लाल झाली की 'रोवीन्सग्लास' होतं (पहिला स्वर ओठ गोल करून म्हटलेला 'ए'). पहिला भाग स्वतःच जोडशब्द असला की असा 'स' बऱ्याचदा येतो, आणि मोठा सांधा त्याच्यानंतर असतो. ओळ तोडतानाही 'स' आधीच्या भागाकडेच ठेवतात.

'जोर नेहमी पहिल्या अक्षरावर' हे अर्धसत्य आहे. जोर पहिल्या भागाच्या मूळ जागी पडतो: 'एक्सामेन' म्हणजे परीक्षा, जोर 'सा'वर. म्हणून 'एक्सामेन्सदाग' (परीक्षेचा दिवस) यातही तो 'सा'वरच. गावांची नावं मात्र पाठच करा. क्रिस्तियानसान्दचा जोर शेवटी आहे.

लिहिताना मध्ये जागा सोडू नका. 'लामेकोतेलेतर' म्हणजे कोकराच्या चॉप्स. 'लामे' सुटा लिहिला की चॉप्सना लकवा झाला. 'नातोग', म्हणजे रात्रीची गाडी, यात दोन 'टी' अधिक एक 'टी' मिळून दोनच लिहितात, पण ओळीअखेर शब्द तुटला तर तिसरा 'टी' परत येतो.

उच्चारात मराठीचा एक फायदा आहे. ऑस्लोकडे साधा 'टी' आपल्या 'त'जवळचा, 'डी' 'द'जवळचा. इंग्रजीच्या सवयीने 'ट' लावू नका. 'र'च्या पुढे आले की मात्र ते ट-ड होतात, सांध्यावरही: विंतर + दाग (हिवाळ्याचा दिवस), उच्चार 'विंतेडाग'. बर्गनकडचा 'र' घशातला, तिथे हे होत नाही.