रशियन शिकताना मराठी व्याकरण हाताशी ठेवा

रशियन शिकायला बसलेला मराठी माणूस बहुतेकदा इंग्रजी वाचकासाठी लिहिलेलं पुस्तक उघडतो. त्या पुस्तकाची पानंच्या पानं विभक्ती म्हणजे काय, टेबलाला लिंग कसं असतं हे समजावण्यात जातात. ज्याने शाळेत ‘प्रथमा, द्वितीया, तृतीया’ घोकलं आहे, त्याला यात नवं काहीच नसतं. उलट आपली गाडी जिथे खरोखर अडते, तो मजकूर चार ओळींत उरकलेला असतो. अमेरिकेचं परराष्ट्र खातं इंग्रजी भाषकाला कामापुरती रशियन यायला ४४ आठवडे, म्हणजे सुमारे ११०० तास लागतात असं धरतं. आपण मराठीचा आधार घेतला तर व्याकरणावर जाणारा बराच वेळ वाचतो. तो उच्चारांवर घालवावा.

अक्षरं

एकूण ३३ अक्षरं: १० स्वर, २१ व्यंजनं आणि स्वतःचा आवाज नसलेली दोन चिन्हं. ती ओळीने पाठ करू नका, तीन गठ्ठे करा. इंग्रजी ए, के, एम, ओ, टी यांच्यासारखी दिसणारी अक्षरं साधारण तशीच वाचायची. ती पहिल्याच दिवशी संपतात. दुसरा गठ्ठा फसव्यांचा: दिसायला बी, वाचायला ‘व’, दिसायला एच, वाचायला ‘न’, पी म्हणजे ‘र’, सी म्हणजे ‘स’, वाय म्हणजे ‘उ’ आणि एक्स म्हणजे घशात घासून काढलेला ‘ख’. यांच्यासाठी तीन दिवस ठेवा. रशियन उपाहारगृहाची पाटी इंग्रजी डोळ्यांनी वाचली तर ‘पेक्टोपाह’ होते. खरा शब्द ‘रिस्तरान’. हा एकच शब्द रोज दहा वेळा लिहिला तरी तीन फसवी अक्षरं हातात बसतात. पूर्ण अनोळखी दिसणारी अक्षरं शेवटी घ्या. ती लवकर लक्षात राहतात, कारण त्यांच्याबद्दल डोक्यात आधीचं काही नसतं.

दुसऱ्या आठवड्यात हाताने लिहायची वळणं घ्या, टाळू नका. अक्षरं एकमेकांना जोडून केलेल्या लिखाणात ‘त’ इंग्रजी एमसारखा, ‘द’ जीसारखा, ‘प’ एनसारखा आणि ‘इ’ यूसारखा दिसतो. हे माहीत नसेल तर शिक्षकाने फळ्यावर लिहिलेलंही वाचता येत नाही.

या लेखात रशियन शब्द उच्चार कळावा म्हणून देवनागरीत दिले आहेत. तुमच्या वहीत मात्र पहिल्या आठवड्यानंतर देवनागरी बंद करा. ती कुबडी सुटली नाही तर सहा महिन्यांनीही वाचन रांगतच राहतं.

उच्चार: कुठे सोपं, कुठे चुकतं

रशियन ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने ‘ट’, ‘ड’ करू नका. मराठीत ‘चाक’चा च वेगळा आणि ‘चहा’चा वेगळा, रशियनमध्ये या दोन आवाजांना दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. बाकीच्यांना वर्गात जो फरक शिकावा लागतो, तो आपण घरून घेऊन येतो.

चुकतं ते एका स्वरापाशी. तो ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या मधला आहे. ‘ऊ’ म्हणा, जीभ आहे तिथेच मागे ठेवा आणि फक्त ओठ हसल्यासारखे बाजूला ताणा. रशियन ‘आम्ही’ आणि ‘तू’ या दोन्ही शब्दांत हाच स्वर आहे. मराठी कानाला ते ‘मी’ आणि ‘ती’ असे ऐकू येतात, आणि शिकणारा तसेच म्हणून मोकळा होतो. ओठ ताणलेत पण जीभ पुढे सरकली, तर चूक झाली असं समजा.

त्याहून अवघड आहेत मृदू व्यंजनं. बहुतेक व्यंजनांची एक कठीण आणि एक मृदू अशी जोडी असते. मराठी माणूस मृदू म्हटलं की लगेच ‘य’ जोडतो: म्य, ल्य, त्य. पण मृदू ‘म’ हे जोडाक्षर नाही, तो एकच आवाज आहे. ‘म’साठी ओठ मिटतानाच जिभेचा मधला भाग ‘इ’ म्हणताना असतो तसा टाळूकडे उचललेला हवा. ‘बी’, म्हणजे बियाणं, याला रशियनमध्ये जो शब्द आहे त्यात नुसता मृदू म आहे, आघात, म्हणजे जोर, पहिल्या अक्षरावर. ‘कुटुंब’ या शब्दात मृदू म आणि त्यानंतर स्पष्ट वेगळा ‘या’ आहे, आघात शेवटी: ‘सिम-या’. आपण दोन्ही ‘सेम्या’ म्हणून टाकतो. सरावासाठी आणखी जोड्या: ‘ब्रात’ म्हणजे भाऊ, शेवटचा त मृदू केला की ‘घेणे’; ‘ऊगल’ म्हणजे कोपरा, शेवटचा ल मृदू केला की ‘कोळसा’. स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून मूळ उच्चाराशेजारी ऐका. तोंडात असताना फरक कळत नाही, कानाला कळतो.

आणि आघात. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो. रशियनमध्ये शब्दातलं एकच अक्षर लांब, ठसठशीत; बाकीची पुसट. आघात नसलेला ‘ओ’ चक्क ‘अ’ होतो. दूध लिहिताना तीन ‘ओ’, बोलताना ‘मलको’. ‘मूका’ म्हणजे यातना आणि ‘मुकाऽ’ म्हणजे पीठ, लिखाण एकच. आघात कुठे पडेल याचा सोपा नियम नाही, आणि शिकाऊ पुस्तकांबाहेर तो छापत नाहीत. म्हणून आघाताची तिरकी खूण केल्याशिवाय एकही शब्द वहीत उतरवू नका. ‘यो’ या अक्षरावर जवळपास नेहमीच आघात असतो, पण त्याचे दोन टिंब छपाईत बहुधा गाळतात. त्यामुळे ‘फ्से’ (सगळे जण) आणि ‘फ्स्यो’ (सगळं) सारखेच दिसतात, ते संदर्भानेच ओळखायचे.

विभक्ती

विभक्ती सहा. मराठीशी ताडून पाहिलं तर पंचमी वेगळी नाही, तिचं काम शब्दयोगी लावून षष्ठी करते. सप्तमीही शब्दयोगीशिवाय येत नाही. शब्दयोगी मात्र नामाच्या आधी बसतो.

मॉस्कोचं नाव घ्या: मस्क्वा, द्वितीयेत मस्क्वू, तृतीयेत मस्क्वोय, चतुर्थी आणि सप्तमीत मस्क्वे, षष्ठीत मूळच्या ‘आ’च्या जागी तो मघाचा अवघड स्वर. ‘मॉस्कोला जातो’ म्हणताना ‘व मस्क्वू’, ‘मॉस्कोत राहतो’ म्हणताना ‘व मस्क्वे’. शब्दयोगी एकच, विभक्ती बदलली. इथे विद्यार्थी हमखास चुकतात. मनात आधी मराठी वाक्य आणा: ‘ला’ आला तर द्वितीया, ‘त’ आला तर सप्तमी. ‘पूना’ हे रशियन रूपही असंच चालतं, पुण्यात म्हणजे ‘व पूने’. मुंबई आणि गोवा यांची रूपं बदलत नाहीत. गोव्यात येणारे बरेच रशियन तर ‘ना गोआ’, म्हणजे बेटावर असल्यासारखं, म्हणतात.

सजीव-निर्जीवाचा नियम तर आपलाच वाटावा असा. ‘टेबल पाहतो’ म्हणताना टेबलाला काही लागत नाही, ‘भावाला पाहतो’ म्हणताना लागतं. रशियनमध्ये ‘वीझु स्तोल’, पण ‘वीझु ब्राता’. ‘मला आवडतं’ म्हणजे ‘म्न्ये न्रावित्सा’, ‘मला थंडी वाजते’ म्हणजे ‘म्न्ये खोलद्न’, ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ म्हणजे ‘उ मिन्या येस्त्य क्नीगा’. ही वाक्यं इंग्रजीतून गेलात तर उलटीपालटी होतात, मराठीतून गेलात तर सरळ बसतात. ‘त्याने आपलं पुस्तक घेतलं’ आणि ‘त्याचं पुस्तक घेतलं’ यातला फरकसुद्धा रशियन तसाच पाळते.

आकड्यांना मात्र मराठीत जोड नाही, ते पाठच करायला हवं. १ नंतर प्रथमा एकवचन. २, ३, ४ नंतर षष्ठी एकवचन. ५ ते २० नंतर षष्ठी अनेकवचन. २१ ला पुन्हा पहिल्यापासून. अदीन रुब्ल्य, द्वा रुब्ल्या, प्यात्य रुब्ल्येय. रोज भाजी-दूध घेताना किंमत मनात रशियन करून म्हणा, महिन्याभरात जिभेवर बसतं.

क्रियापदं

भूतकाळ सोपा: ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यासारखा बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो, ‘या पशोल’ आणि ‘या पश्ला’. पण बहुतेक प्रत्येक क्रियापद जोडीने येतं, एक चालू क्रियेचं आणि एक पुरी झालेल्या क्रियेचं. ‘चिताल’ म्हणजे वाचत होता, ‘प्रचिताल’ म्हणजे वाचून काढलं. आपल्या ‘वाचून काढणे’, ‘खाऊन टाकणे’ या रूपांच्या जवळचं आहे, इतकंच की रशियनमध्ये निवड टाळता येत नाही. पुऱ्या क्रियेच्या रूपाला वर्तमानकाळ नसतो. वर्तमानासारखे प्रत्यय लावले की भविष्यकाळ होतो. ‘सुरू करणे’ नंतर नेहमी चालू क्रियेचंच रूप येतं. वहीत क्रियापद एकटं लिहू नका, जोडीने लिहा.

‘जाणे’ एकाने भागत नाही. पायी जाण्याचं वेगळं, वाहनाने जाण्याचं वेगळं, आणि त्यातही एका दिशेने चाललेलं व नेहमीचं ये-जा केलेलं वेगळं. ‘इदू’ म्हणजे चालत निघालोय, ‘येदु’ म्हणजे गाडीने. पुण्यात बसून ‘या इदू व मस्क्वू’ म्हटलं तर पायी निघालात असा अर्थ होतो.

रोजचा अभ्यास

दिवसाला ४० मिनिटं पुरतात, पण रोज. १० मिनिटं मोठ्याने वाचन, १५ मिनिटं ८ नवे शब्द वाक्यात घालून, १५ मिनिटं जुन्याची उजळणी: पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. परदेशीयांसाठीच्या रशियन परीक्षेत प्राथमिक पातळीला ७८० शब्द, पुढच्या मूलभूत पातळीला १३०० आणि त्यापुढच्या पहिल्या पातळीला २३०० शब्द धरतात. रोज ८ शब्दांनी पहिला टप्पा सव्वातीन महिन्यांत गाठता येतो. वर्ग हवा असेल तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मुंबईत रशियन हाऊस इथे रशियन शिकवतात.

वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जाणाऱ्यांनी हे जाण्याआधीच सुरू करावं. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी वॉर्डातला रुग्ण रशियनच बोलतो. तिथे शिक्षकांना किंवा वयाने मोठ्या रुग्णाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत; नाव आणि वडिलांच्या नावावरून केलेलं मधलं नाव, दोन्ही घेतात, आणि बोलताना ‘तुम्ही’, म्हणजे ‘वी’. प्योत्रची मुलगी आन्ना म्हणजे ‘आन्ना पित्रोव्ना’, त्याचा मुलगा इवान म्हणजे ‘इवान पित्रोविच’.