बॅटरी डिकीत न्यायची तर: हिशोब, केबल आणि अर्थिंग

रेसिंग ट्रॅकसाठी गाडीचं नाक हलकं करायला इंजिनजवळची बॅटरी मागे डिकीत न्यायचं ठरवलं, तर पाना हातात घेण्याआधी हिशोब मांडा. बॅटरीचं वजन गुणिले ती जितकी मागे जाणार ते अंतर, भागिले व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. तेवढे किलो पुढच्या चाकांवरून उतरून मागच्यांवर जातात. स्विफ्टचा व्हीलबेस २४५० मिमी. १० किलोची बॅटरी पुढच्या चाकांच्या रेषेतून मागच्या चाकांच्या रेषेत नेली, तर हलले १० किलो. ९०० किलोच्या गाडीत हा फरक १ टक्क्याच्या जरा वर: नाकावर ६२ टक्के होते, ते ६१ झाले. वर ५ मीटर केबलचे २ किलो वाढले ते वेगळेच. ट्रकच्या वजनकाट्यावर हे तपासायला जाऊ नका, तो ५ किंवा १० किलोंच्या टप्प्याने मोजतो.

म्हणून स्टेपनी, जॅक, मागची सीट उतरवून झाल्यावरच या कामाकडे वळा. नुसतं नाक हलकं करायचं असेल तर मूळ जागीच ३-४ किलोची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली की ६ किलो सुटतात आणि एकही केबल ओढावी लागत नाही. मात्र अल्टरनेटरचा व्होल्टेज त्या बॅटरीला चालतो का ते बघा, आणि इंजिनच्या उष्णतेपासून तिला आडोसा द्या.

तरीही मागेच न्यायची, तर जागा डावीकडची. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याचं वजन थोडंफार तोललं जातं. बॅटरी मागच्या ॲक्सलच्या जितकी जवळ आणि जितकी खाली, तितकं बरं. स्टेपनीचा खड्डा सोयीचा दिसतो, पण मागून धडक बसली की पहिला चेपतो तोच. भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन पेट्रोलची टाकी, पेट्रोलची नळी आणि ब्रेक पाइप कुठून जातात ते डोळ्यांनी बघा.

हॅचबॅकची डिकी केबिनला उघडी असते आणि चार्ज होताना साधी पाण्याची बॅटरी हायड्रोजन सोडते. त्यामुळे इथे एजीएम बॅटरीच (आत ॲसिड काचेच्या चटईत शोषलेली, सीलबंद) घ्या आणि तिची व्हेंट नळी, म्हणजे वायू बाहेर सोडणारी नळी, फ्लोअरमधून बाहेर काढा. पहिल्या माझदा एमएक्स-५ ची बॅटरी कारखान्यातूनच डिकीत होती, तीही अशाच नळ्यांसकट. बांधणीसाठी एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या अपेंडिक्स जे या नियमावलीचा नमुना धरा: धातूचा ट्रे, इन्सुलेशन लावलेल्या दोन धातूच्या पट्ट्या, १० मिमीचे बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टखाली फ्लोअरच्या खालच्या बाजूने किमान ३ मिमी जाड, २० चौरस सेंमीची प्लेट. प्लेट नसेल तर धडकेत बोल्ट पातळ पत्र्यातून उपटून येतो.

आता केबल. सेल्फ मारताना २०० अँपिअर ओढले जात असतील, तर ५ मीटर लांबीच्या १६ चौ. मिमी तांब्याच्या केबलमध्येच १ व्होल्टहून जास्त वाया जातो. ३५ चौ. मिमीमध्ये अर्धा व्होल्ट, ५० मध्ये ०.३५. छोट्या पेट्रोल इंजिनाला ३५ पुरते, डिझेलला ५० घ्या. म्युझिक सिस्टिमच्या दुकानातली स्वस्त केबल बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. टोक कापून तारेवर ब्लेड ओढा, आत पांढरं दिसलं तर परत करा. लग (केबलच्या टोकाला बसणारी भोकाची टोपी) टिनचा मुलामा असलेले तांब्याचे, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेले. हातोड्याने चेपलेला लग महिनाभर चालतो आणि मग तापायला लागतो.

केबल केबिनच्या आतून, डाव्या सिलच्या (दाराच्या उंबरठ्याच्या) कडेने न्या. तिथे पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅग किंवा सीटबेल्टचे, त्यांना हात लावू नका. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाताना भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेचं रबर, हवाच, आणि दर २५-३० सेंमीवर क्लिप. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १५-२० सेंमीच्या आत २०० ते २५० अँपिअरचा मेगा फ्यूज (बोल्टने बसणारा मोठा फ्यूज) बसवा. तो नसताना केबल कुठे घासून बॉडीला टेकली, तर तापून इन्सुलेशन पेटायला काही सेकंद पुरतात. पुढे जुन्या पॉझिटिव्हच्या वायरी इन्सुलेटेड स्टडवर (बॉडीपासून अलग बसवलेल्या बोल्टवर) एकत्र आणा, वर रबरी टोपी घाला.

सगळ्यात जास्त गाड्या अडतात त्या अर्थिंगमुळे, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परतण्याच्या वाटेमुळे. मूळ निगेटिव्ह केबल बॅटरीपासून थेट गिअरबॉक्सवर जात होती. बॅटरीबरोबर तीही निघते, आणि सेल्फचा सगळा करंट बोटाएवढ्या अर्थ पट्टीवर येतो. सेल्फ मंद फिरतो, पट्टी तापते, कधी क्लचची केबलसुद्धा तापते. म्हणून इंजिन ते बॉडी ही नवी ३५ चौ. मिमीची अर्थ केबल पुढे टाका. मागे बॅटरीची निगेटिव्ह ५० सेंमीच्या आत बॉडीला जोडा: रंग घासून उघडा पत्रा, एम८ बोल्ट, वरून ग्रीस. ऑटो स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत निगेटिव्हवर सेन्सर असतो, तो बॅटरीबरोबरच मागे न्या. त्याला टाळून कुठलीही वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर जोडली की चार्जिंगचा हिशोब चुकतो.

बाहेरून बंद करता येणारा कटऑफ स्विच लावणार असाल तर दोन टर्मिनलचा नको. चालू इंजिनात बॅटरी तोडली तरी अल्टरनेटर इंजिन चालवत राहतो. इग्निशनही तोडणारा, रेझिस्टरवाला सहा टर्मिनलचा घ्या. निळ्या त्रिकोणात लाल विजेचं चिन्ह बाहेर दिसलं पाहिजे. शर्यतीत उतरायचं असेल तर एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचे त्या वर्षाचे नियम आधी वाचा.

काम झाल्यावर फ्यूएल पंपाचा फ्यूज काढा, कुणाला तरी ५ सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि मल्टिमीटर लावा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या मोठ्या टर्मिनलपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत, बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत ०.३ च्या आत फरक हवा. जास्त आलं तर एकेक जोड वेगळा मोजा, दोषी लग सापडतोच. मग पंपाचा फ्यूज परत लावून इंजिन सुरू करा; बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. ट्रॅकवरच्या पहिल्या सेशननंतर प्रत्येक बोल्टला पुन्हा पाना लावा.