ओवी, कविता, नाटक: ऑनलाइन ऐकून-पाहून साहित्याचा अभ्यास कसा करावा

ज्ञानेश्वरीची पहिली ओवी आधी मनात वाचा: ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥ आता तीच मोठ्याने म्हणा. आद्या, प्रतिपाद्या, स्वसंवेद्या असे तीन चरण एकाच यमकाने चढत जातात आणि चौथा आखूड चरण यमक सोडून शांतपणे खाली उतरतो. ओवीला साडेतीन चरणांची का म्हणतात, हे आपण परीक्षेसाठी पाठ केलेले असते, पण समजते ते कानाने. शके 1212, म्हणजे इ.स. 1290 मध्ये नेवाशात हा ग्रंथ सांगितला गेला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. आपल्या साहित्याचा मोठा भाग असा आधी बोलला, गायला गेला आणि मग कागदावर आला.

आज हे बोलणे-गाणे मोबाइलवर ऐकायला मिळते, तेही बरेचसे फुकट. पण कामे करता करता कानावर पडणे वेगळे आणि अभ्यास वेगळा. आमच्या छोट्या वाचनगटात आम्ही ज्या रीतीने ऐकतो, ती इथे सांगते.

आधी पुस्तक हाताशी घ्या

सुरुवात शोधपट्टीत नाव टाकून करू नका. एक कविता, एक कथा किंवा नाटकाचा एक अंक निवडा आणि त्याची छापील संहिता जवळ ठेवा. हा धडा मला चुकीतून मिळाला. एका कवितेवर टिपण लिहिताना मी फक्त एका अभिवाचनाच्या चित्रफितीवर विसंबले. कविता अचानक थांबते आणि तेच तिचे बळ आहे, असा माझा सगळा मुद्दा होता. नंतर संग्रह उघडला, तर पुढे आणखी एक कडवे होते. वाचणाऱ्याने वेळेअभावी ते गाळले असणार. गाण्यांत तर हे नेहमीचेच आहे. चाल लावताना मोजकी कडवी घेतली जातात, क्रमही बदलतो.

दुसरा धोका नावाचा. कुसुमाग्रजांच्या किंवा पुलंच्या नावाने फिरणाऱ्या कितीतरी ओळी त्यांच्या नसतात. संग्रहाचे नाव सापडत नसेल, तर ती चित्रफीत अभ्यासाला घेऊ नका, मग वाचणाऱ्याचा आवाज कितीही गोड असो.

हे रेकॉर्डिंग नेमके कोणते, ते ठरवा

एकाच पुस्तकाच्या जशा वेगवेगळ्या आवृत्त्या, तशी एकाच कृतीची वेगवेगळी ध्वनिमुद्रणे. गीतरामायण घ्या. गदिमांची 56 गीते सुधीर फडक्यांच्या संगीतात 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्यामागून आठवडा प्रसारित झाली. त्या मूळ मालिकेत वेगवेगळ्या पात्रांसाठी वेगवेगळे गायक होते. पुढे बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, हीच गीते एकट्याने गाऊन घरोघरी पोहोचवली. सीतेचे गीत स्त्रीच्या आवाजात ऐकणे आणि तेच निवेदकासारख्या एका पुरुषाच्या आवाजात ऐकणे, हे दोन वेगळे अनुभव आहेत. पहिल्यात नाट्य जास्त, दुसऱ्यात कथन. यातले काय ऐकतो आहोत हे माहीत नसेल, तर आपण कवीबद्दल बोलतो की गायकाबद्दल, हेच कळेनासे होते.

म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणाला चार प्रश्न विचारा: आवाज कोणाचा, कधीचा, कुठला आणि कोणासाठी? याची उत्तरे कशी नोंदवावीत, याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे ‘पारी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावरच्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या निवडक ओव्या पारीवर शब्द, आवाज आणि काही ठिकाणी चित्रफितीसह वाचायला-ऐकायला मिळतात. गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका, व्यवसाय, ध्वनिमुद्रणाची तारीख, सगळे खाली लिहिलेले असते. लोकसाहित्याच्या जुन्या पुस्तकांत बहुतेकदा ‘एक स्त्री म्हणते’ एवढ्यावर भागवलेले असते. इथे त्या बाईला तिचे नाव मिळाले आहे, आणि माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे.

कुठे शोधावे

पारीखेरीज प्रसार भारतीच्या आकाशवाणी-दूरदर्शनच्या जुन्या संग्रहातले कार्यक्रम यूट्यूबवर येत असतात. साहित्य अकादमीने लेखकांवर माहितीपट काढले आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या दिल्ली कार्यालयामार्फत दक्षिण आशियातल्या लेखकांकडून त्यांचेच लेखन वाचून घेतले, त्यात मराठीही आहे. मराठी गाण्यांचे शब्द आणि गीतकार, संगीतकार, गायक यांची नावे पडताळायला ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते. कथा-कादंबऱ्यांची संपूर्ण वाचने बहुधा स्टोरीटेलसारख्या पैसे भरून घ्यायच्या ॲपवर मिळतात. इंग्रजी साहित्य शिकणाऱ्यांसाठी लिब्रिव्हॉक्स ही 2005 पासून स्वयंसेवकांनी चालवलेली, पुस्तके मोठ्याने वाचून ऐकवणारी सोय आहे. हक्कमुक्त, म्हणजे कॉपीराइट नसलेली पुस्तकेच तिथे असतात.

शोधताना देवनागरीत टाइप करा आणि कवितेचे शीर्षक नव्हे, तर पहिली ओळ अवतरणचिन्हांत टाका. ऱ्हस्व-दीर्घ बदलून पुन्हा एकदा शोधा, कारण चित्रफिती चढवणारे शुद्धलेखनाची काळजी करतातच असे नाही.

तीन वेळा ऐका

पहिल्यांदा पुस्तक मिटून, हेडफोन लावून, पडद्याकडे न पाहता ऐका. कोणता शब्द कानात राहिला, एवढेच शेवटी लिहा. दुसऱ्यांदा संहिता समोर ठेवून, हातात पेन्सिल घेऊन. जिथे आवाज थांबतो तिथे उभी रेघ, जिथे शब्द लांबतो तिथे खाली रेघ, आणि छापलेल्यापेक्षा वेगळे ऐकू आले तर समासात ते जसेच्या तसे. एखादी जागा निसटली तर मोबाइलच्या पडद्यावर डाव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की यूट्यूब दहा सेकंद मागे जाते. संगणकावर ‘जे’ अक्षराची कळ तेच करते. बोली अनोळखी असेल तर वेग 0.75 वर आणा.

ही दुसरी फेरीच खरा अभ्यास आहे. जात्यावरची ओवी कागदावर दोन ओळींची दिसते. वाचायला पाच-सहा सेकंद पुरतात. ध्वनिमुद्रणात तीच कितीतरी वेळ चालते. एक बाई पहिली ओळ उचलते, दुसरी तीच ओळ मागून म्हणते, मध्ये ‘गं बाई’, ‘माझ्या सई’ असे भरीचे शब्द येतात आणि मगच दुसरी ओळ. छापताना हे शब्द बहुधा वगळले जातात. पण दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढत असताना पुढची ओळ सुचायला, दम घ्यायला जी जागा लागते, ती याच शब्दांनी मिळते. ओवी जुळते कशी, हे त्या वगळलेल्या शब्दांत आहे. आणखी एक गोष्ट तपासा: मागे जात्याची घरघर ऐकू येते का? पिठाच्या गिरण्या आल्यावर जाती कोपऱ्यात गेली, त्यामुळे पुष्कळ ओव्या नुसत्या बसून, आठवून गायलेल्या आहेत. त्यांची लय सैल होते. पारीवरच्या, माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या या नजरेने ऐकून पाहा. जुन्या ओवीच्याच साच्यात एक नवा काळ कसा शिरतो, ते ऐकू येते.

तिसऱ्या फेरीत दुसऱ्या कोणाचे तरी ध्वनिमुद्रण घ्या आणि फरक लिहा. बहिणाबाई चौधरी यासाठी उत्तम. त्या जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांची गाणी मुलाने, कवी सोपानदेवांनी जपली आणि त्या गेल्यावर 1952 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. ‘मानिनी’ (1961) चित्रपटामुळे ती सगळीकडे पोहोचली. ‘तवा मियते भाकर’ (तेव्हा मिळते भाकर) ही ओळ पाहा. त्यांच्या लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘हाताला’चे ‘हाताले’ होते. पुण्या-मुंबईचा वाचणारा नकळत ‘मिळते’ म्हणून जातो. आता जळगावकडच्या माणसाने म्हटलेली तीच कविता ऐका. ‘मियते’मध्ये जीभ कुठे अडत नाही, शब्द पाण्यासारखा पुढे जातो. कवितेची चाल त्या ‘य’वर उभी आहे. बोलीचा कान तयार करायचा असेल, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर गावोगावच्या लोकांचे बोलणे ऐकता येते.

कवीचा स्वतःचा आवाज मिळाला तर तो जरूर ऐका, पण शेवटी. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी गावोगाव एकत्र काव्यवाचने केली. त्यांचे आवाज कानात बसले की स्वतःचे वाचन सुचत नाही. पुलं आणि सुनीताबाईंनी कवी बा. भ. बोरकरांच्या कविता वाचल्या, ते वाचन मी याच कारणासाठी विद्यार्थ्यांना उशिरा ऐकवते. ते इतके सुंदर आहे की त्यानंतर वेगळे काही म्हणायचे धाडस होत नाही.

नाटक पाहताना

प्रयोगाचे चित्रीकरण आणि नाटकावरचा चित्रपट यांत गल्लत करू नका. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 मध्ये रंगभूमीवर आले, सत्यदेव दुबे यांचा चित्रपट 1971 चा. दोन्हींत नायिका लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांची. बेणारेचे शेवटचे लांब स्वगत आधी वाचा. ते चालू असताना बाकीची पात्रे जागीच गोठलेली आहेत, हे वाचताना दोन ओळींत विसरायला होते. रंगमंचावर ती प्रेक्षकाला सतत दिसत राहतात. कॅमेरा मात्र काय दाखवायचे ते स्वतः ठरवतो. म्हणून चित्रफीत थांबवून विचारा: या क्षणी चौकटीबाहेर कोण उभे आहे? दहा मिनिटांचा एक प्रवेश असा पाहायला तास लागतो, आणि तो लागू द्यावा.

व्याख्याने

ही सर्वांत शेवटी, कृती वाचून-ऐकून झाल्यावरच. स्वयम् आणि ई-पीजी पाठशाळा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळांवर साहित्याचे अभ्यासक्रम आहेत. साहित्य सिद्धांतासाठी येल विद्यापीठाच्या मुक्त अभ्यासक्रमांतली पॉल फ्राय यांची 26 व्याख्याने मोफत आहेत आणि प्रत्येकाचा लेखी मजकूरही मिळतो. तो मजकूर आधी चाळा, अडलेले शब्द काढा आणि मगच ऐका. दर पंधरा मिनिटांनी थांबून वक्त्याचा मुद्दा आपल्या मराठीत दोन वाक्यांत लिहा. लिहिता आला नाही, तर तो समजलेला नाही.

नोंद कशी ठेवावी

वहीत प्रत्येक निरीक्षणापुढे मिनिट-सेकंद लिहा. सोबत वाचणाऱ्याचे किंवा गाणाऱ्याचे नाव, संकेतस्थळ आणि तुम्ही ऐकले ती तारीख. चित्रफिती काढून टाकल्या जातात, तेव्हा ही तारीखच आधाराला उरते. हक्कमुक्त नसलेली ध्वनिमुद्रणे उतरवून गटांवर पाठवू नका, दुवा पाठवा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे लेखनाचा हक्क राहतो आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून वेगळा मोजला जातो.

आणि एवढे झाल्यावर फोनमधले रेकॉर्डर उघडा. पेन्सिलीच्या खुणा समोर ठेवून तीच कविता स्वतः म्हणा आणि ऐका. जिथे तुम्ही अडखळलात, त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह करा. आमच्या गटात पुढच्या बैठकीची चर्चा त्या प्रश्नचिन्हांपासूनच सुरू होते.