रोजचा रिमाइंडर असा लिहा की बोटानं उडवताच येणार नाही

फोनमधी "व्यायाम करणे", "पाणी पिणे", "वाचन" असे पाच-सहा रिमाइंडर लावलेले असतात अन् आठ दिवसांत सवय लागते ती फक्त उडवायची, वाजला की न वाचताच स्वाइप. लोक मग वेळ बदलतात, नवीन ॲप टाकतात, पण बाप्पा, घोळ बहुतेक वेळा वाक्यातच असते.

"व्यायाम करणे" हे सोसायटीच्या नोटीससारखं आहे, कोण मानते? त्याच्याऐवजी कोणत्या कामानंतर, कोण, काय करते ते लिहा. आमच्या वहिनीचा रिमाइंडर होता "रात्री ९ – वाचन". नऊ वाजता हात कणकेत, फोन वाजून वाजून गप. मग तो असा केला: "ओटा पुसून झाला, वाचणारी बाई आता दोन पानं वाचते", अन् वेळ साडेदहा. पुस्तक बेडरूमच्या कपाटात होतं ते आणून फ्रिजवर ठेवलं, म्हणजे फडकं वाळत टाकलं की हात तिथंच जाते. ओटा पुसणं काही त्यांचं चुकत नाही, दोन पानं म्हणजे झोप आली तरी होतात, अन् "वाचणारी बाई" वाचून त्या पहिल्या दिवशी जाम हसल्या, पण वाचलं ना! पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं "अमुक झालं की मी तमुक करीन" अशा ठरवण्यावर १९९९ मध्ये एक गाजलेला लेख लिहिला, त्यातला मुद्दा हाच की नुसतं "करीन" म्हणण्यापेक्षा कधी अन् कुठं ते आधीच ठरलं असलं तर काम पार पडायची शक्यता वाढते.

आता ते "मी यशस्वी आहे, मी शक्तिशाली आहे" वाले मेसेज सकाळी सकाळी येतात ना, ते मले काही पटत नाही. मन एवढं भोळं नसते. डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये मांडलं होतं की आपण कसे आहो हे माणूस बरेचदा स्वतःचं वागणं पाहूनच ठरवते, जसं शेजाऱ्याबद्दल ठरवते तसंच. म्हणजे "वाचणारी बाई" असं नाव द्यायचं पण त्याला लागून पुरावा पाहिजे. म्हणून झोपायच्या आधी एक दुसरा रिमाइंडर लावा, प्रश्नाचा: "आज वाचणाऱ्या बाईनं काय केलं?" उत्तर कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या खाड्याच्या बाजूला, "२ पानं", बस. डायरी-बियरीच्या भानगडीत पडू नका.

वेळ ठरवताना नागपूर विसरू नका भाऊ. जानेवारीत "अंबाझरी तलावाला फिरणारा माणूस निघाला" हे सकाळी सात वाजता ठीक आहे, पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर चालला असते, आठ वाजत नाही तर ऊन चटके देते, तेव्हा तोच रिमाइंडर साडेपाचला न्या. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की संध्याकाळी बर्डीकडून (म्हणजे सीताबर्डी) यायला किती वेळ लागीन सांगता येत नाही, त्यामुळे सहा वाजताचा जिमवाला रिमाइंडर तुम्ही सिग्नलवर उभे असतानाच वाजते अन् असा तीन-चारदा वाजला की आपण त्याला ऐकणं सोडतो. अशा वेळी घड्याळापेक्षा जागा धरा, आयफोनच्या रिमाइंडरमधी घरी पोचल्यावर वाजायची सोय आहे. अँड्रॉइडवाल्यांनी ॲपच्या बॅटरी सेटिंगमधी जाऊन अनरिस्ट्रिक्टेड करून ठेवा, नाहीतर काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात रिमाइंडरच दाबून टाकतात अन् आपल्याला वाटते आपणच आळशी.

एका वेळी एकच सवय घ्या, फार तर दोन. अन् दर पंधरा दिवसांनी वाक्य थोडं बदला, कारण तेच तेच शब्द डोळ्यांना दिसणंच बंद होते.

किती दिवस लावून ठेवायचा? २१ दिवसांत सवय लागते ही गोष्ट सगळ्यांनी ऐकली असते, पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधी फिलिपा लॅली अन् तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जण घेऊन केलेल्या अभ्यासात (२०१० मध्ये छापून आला) सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस निघाले, अन् फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत. मधात एखादा दिवस हुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं, त्यामुळे एका लग्नाच्या पंगतीपायी सगळं सोडून देऊ नका.

आपलं गणित सोपं ठेवा. आठवडाभर रिमाइंडर वाजायच्या आधीच काम सुरू झालेलं दिसलं की तो बंद करा, डिलीट नाही, फक्त बंद. दिवाळीत गावाकडं जाऊन आले, घडी विस्कटली, की परत चालू करायचा अन् पहिले चार दिवस दोन पानांच्या जागी एकच पान ठेवायचं.