दुचाकीची बॅटरी बदलताना

सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक टक' वाजतं, म्हणून लगेच दुकान गाठू नका. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात बॅटरीच्या टर्मिनलवर (वायर जोडतात त्या टोकांवर) हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि करंट पोहोचत नाही. आधी ती गरम पाण्यात सोडा घालून, जुन्या ब्रशने घासून पाहा.

मग मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.५ च्या खाली कोसळला, तर बॅटरी गेली समजा. गाडी चालू करून रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ यायला हवेत. १५ च्या वर गेले तर दोष रेग्युलेटरचा, म्हणजे चार्जिंगचे व्होल्ट आवरणाऱ्या भागाचा. नवी बॅटरीसुद्धा तो उकळून मारेल.

घेताना जुन्या बॅटरीवरचा एएच (अँपिअर-आवर, म्हणजे क्षमता) आकडा, माप आणि प्लस कुठल्या बाजूला आहे ते जुळवा. प्लस उलट बाजूला असेल तर वायर पुरत नाही, आणि ओढून बसवणं धोक्याचं. तयार झालेला महिना बघा. सहा महिने पडून राहिलेली नकोच. ॲसिड वेगळं भरायची असेल तर अर्धा तास मुरू द्या आणि ५ एएचला अर्ध्या अँपिअरने चार्ज करून घ्या. दुकानदार ही पायरी हमखास गाळतात.

निपाणीहून कोल्हापूरला स्वस्त मिळेलही, पण वॉरंटीसाठी हेलपाटा तिकडेच. कार्डावर शिक्का, तारीख, नंबर घ्या. जुनी बॅटरी देऊन पैसे वजा करून घ्या.

काढताना आधी मायनस, बसवताना आधी प्लस.